कवडशांच्या मागावर

एम्प्रेस गार्डनमध्ये त्या सकाळी मी शिरले तेव्हा पायवाटेवरून खराटा नुकताच फिरून गेला होता. मातीवर खराट्याच्या काड्यांच्या अर्धगोल रेघा उमटल्या होत्या, एकीला लागून दुसरी, अगदी वळणापर्यंत. त्या रेघांवर उन्हाचे कवडसे पडले होते. काही तळहाताएवढे, काही वीतभर रुंद. वाऱ्याची झुळूक आली की सगळे मिळून हलायचे आणि वारा थांबला की आपापल्या जागी येऊन बसायचे. मी वाटेच्या कडेला कितीतरी वेळ नुसती उभी राहिले. बागांचे फोटो काढायचे म्हणून घराबाहेर पडले होते, पण डोक्यात होती ती फुलं. कवडशांचाही फोटो काढता येतो, हे तोवर मनात आलं नव्हतं.

त्याआधीचं वर्षभर माझे बागेतले फोटो फसत होते. झाडाखाली कुणाला उभं केलं की चेहरा काळवंडायचा, मागचं आकाश पांढरं फट्ट पडायचं आणि कपाळावर, नाकावर उन्हाचे डाग यायचे. लेन्स बदलून पाहिली, वेळ बदलून पाहिली. शेवटी ठरवलं की लांब कुठे जायचं नाही. पुण्यातल्याच दोन-तीन बागा धरायच्या, त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जायचं आणि तिथला उजेड नीट समजून घ्यायचा. फेब्रुवारीत सुरुवात केली, कारण तेव्हा थंडी सरत आलेली असते आणि उन्हाला अजून धार चढलेली नसते.

एम्प्रेस गार्डन रेसकोर्सजवळ आहे. विस्तार ३९ एकरांचा. इथे पूर्वी लष्करातल्या सैनिकांसाठी बाग होती आणि व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थानची सम्राज्ञी असा किताब घेतल्यानंतर तिला हे नाव मिळालं. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही १८३० साली स्थापन झालेली संस्था ती सांभाळते. जानेवारीत इथे पुष्पप्रदर्शन भरतं आणि निम्मं पुणं लोटतं. पण प्रदर्शन आवरलं, कुंड्या उचलल्या गेल्या की बाग पुन्हा झाडांची होते. इथली झाडं जुनी आणि उंच. त्यांचे शेंडे पाहायचे तर मान मागे टाकावी लागते. मनगटाहून जाड वेली दोरखंडासारख्या एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेल्या. दुपारी बारालाही आत गारवा असतो.

त्या कवडशांचं एक कोडं शाळेपासून माझ्या मनात होतं. पानांमधल्या फटी असतात वेड्यावाकड्या, कुठे टोकदार, कुठे दातेरी. मग खाली पडणारा उजेड गोल का? उत्तर पुढे कधीतरी वाचलं होतं, पण ते पटलं त्या वाटेवर. पानांमधली प्रत्येक बारीक फट हा एक कॅमेरा असतो. भिंग नसलेला, नुसत्या भोकाचा. जमिनीवर पडतं ते त्या फटीचं रूप नव्हेच, ते सूर्याचं चित्र असतं. सूर्य गोल, म्हणून कवडसा गोल. खंडग्रास ग्रहण लागलं की त्याच झाडाखाली शेकडो चंद्रकोरी पसरतात, त्या याचमुळे. सकाळी ऊन तिरपं असतं तेव्हा हे गोल अंड्यासारखे लांबट होतात आणि सूर्य वर येईल तसे गोलाईला येतात.

यातून एक हिशेबही निघतो, आणि तो मला फार आवडतो. सूर्य आपल्यापासून त्याच्या स्वतःच्या व्यासाच्या साधारण १०८ पट अंतरावर आहे. म्हणून कवडसा जितका रुंद, त्याच्या साधारण १०८ पट अंतरावर ती फट. जपमाळेत मणी असतात तितके पट. चार बोटं रुंदीचा कवडसा दिसला तर पानं पंचवीस-सव्वीस फुटांवर आहेत. वीतभर रुंद असेल तर सत्तर-ऐंशी फुटांवर. वर न बघता, नुसत्या जमिनीकडे बघून झाडाची उंची सांगता येते.

फोटो काढणाऱ्याला या हिशेबाचा सरळ उपयोग आहे. झाड बुटकं असेल तर कवडसे लहान, कडक आणि रेखीव पडतात. तेच माणसाच्या चेहऱ्यावर डागांसारखे दिसतात. झाड उंच असेल तर तोच उजेड पसरून मोठा आणि मंद होतो, त्याच्या कडा विरघळतात आणि चेहऱ्यावर पडला तरी खुपत नाही. माझे फोटो का फसत होते ते मला कळलं. मी माणसांना आंब्याच्या, चाफ्याच्या, हाताशी येणाऱ्या झाडांखाली उभं करत होते. एम्प्रेसमधल्या जुन्या झाडांखाली तोच कॅमेरा, तीच लेन्स, पण फोटो शांत आले.

दुसरी गोष्ट एक्स्पोजरची. दाट सावलीत कॅमेऱ्याचा मीटर फसतो. आजूबाजूचा काळोख पाहून तो उजेड वाढवतो आणि उन्हाचा तुकडा पांढराफट्ट करून टाकतो. एकदा पांढरा पडलेला तुकडा नंतर कॉम्प्युटरवर कितीही खटपट केली तरी परत येत नाही. म्हणून मी कवडशावर मोजमाप घेते, एक्स्पोजर एक स्टॉप खाली ओढते आणि सावलीला सावलीसारखं गडद राहू देते. मुळात या बागा सावलीसाठीच लावलेल्या आहेत. चैत्र-वैशाखाचं ऊन डोक्यावर घेणाऱ्या गावात बाग म्हणजे आधी सावली आणि मग फुलं. तिचा फोटोही तसाच निघायला हवा.

पाचोळा गोळा करणारे एक माळीकाका माझं हे जमिनीकडे बघणं लांबून पाहत होते. जवळ येऊन म्हणाले, "ताई, काही पडलंय का तुमचं?" मी त्यांना कवडशांचं सांगितलं. त्यांनी खराटा बगलेत धरला, वर पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाले, "मग उद्या झाडायच्या आधी या. पाचोळ्यावर पडतात ते जास्ती बरे दिसतात." दुसऱ्या दिवशी गेले. त्यांचं खरं होतं. सुकलेली पानं उन्हात आतून पेटल्यासारखी दिसत होती, शिरा न् शिरा वेगळी. तांबूस पानावर पडलेल्या एका कवडशाचा फोटो मी अर्धा तास काढत बसले. ते संपेपर्यंत काकांनी तेवढी वाट झाडायची ठेवली.

त्यांच्या त्या थांबण्याची आठवण आजही आहे. आपण जिला देखणी जागा म्हणतो ती कुणीतरी रोज उठून तशी ठेवलेली असते.

पु. ल. देशपांडे उद्यान अगदी वेगळं. सिंहगड रस्त्यावरची ही दहा एकरांची जपानी बाग पुणे आणि ओकायामा या दोन शहरांच्या मैत्रीची खूण म्हणून महापालिकेने उभारली. तिचा आदर्श म्हणजे ओकायामातली कोराकुएन बाग, जी १७०० साली पुरी झाली. एम्प्रेसमध्ये आकाश शोधावं लागतं. इथे ते समोरच मांडून ठेवलेलं असतं, हिरवळीवर आणि पाण्यात. कालव्याचं पाणी बागेतून खेळवलंय, लहान पूल आहेत, दगड आहेत आणि वाट सतत वळते. जपानी बागेची ही खास रीत आहे. सगळं एकाच जागेवरून दिसू द्यायचं नाही, चालणाऱ्याला दर वळणावर नवं काही द्यायचं. म्हणून इथे एक जागा धरून बसण्यापेक्षा हळू चालावं, प्रत्येक वळणावर थांबून मागे वळून पाहावं. मला इथले सगळे बरे फोटो मागे वळून पाहिल्यावर मिळाले आहेत.

जपानी बागकामात उसन्या देखाव्याचीही एक कल्पना आहे. बागेबाहेरचा डोंगर, देऊळ, किल्ला असा काही चौकटीत घ्यायचा की तो बागेचाच भाग वाटावा. कोराकुएनला ओकायामाचा काळा किल्ला असा उसना मिळाला आहे. आपल्या शहरात मात्र हा देखावा दरवर्षी बदलतो. बागेच्या चहूबाजूंनी इमारती वाढताहेत आणि कॅमेरा थोडा वर उचलला की गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या चौकटीत येतात. मी कॅमेरा खाली घेते. गुडघे टेकून पाण्याच्या पातळीवर आले की इमारती हिरवळीमागे जातात आणि तळ्यात उरतात ढग. बाग उघडल्यानंतरचा पहिला अर्धा तास सगळ्यात चांगला. वारा पडलेला असतो आणि पाण्यावर सुरकुती नसते.

सारसबाग संध्याकाळची. ती रस्त्याच्या पातळीहून खाली आहे, कारण मुळात ते तळं होतं. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी हे तळं करवलं आणि त्यातल्या बेटावर सवाई माधवरावांनी १७८४ साली गणपतीची स्थापना केली. तळं गेलं, गणपती तळ्यातला गणपतीच राहिला. दिवेलागणीला रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की वाटीत पाहावं तशी सगळी बाग एका नजरेत येते. हिरवळीवर बसलेली कुटुंबं, फुगेवाले, धावणारी पोरं आणि मधोमध उजळलेलं देऊळ. सूर्य बुडाल्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं आकाश निळं असतं आणि दिवे पिवळे. या दोन रंगांचा तोल तेवढाच वेळ टिकतो. त्याच वेळी पुण्याच्या रस्त्यांवरच्या वर्षावृक्षांची पानं मिटू लागतात आणि दिवसभर ज्यांच्याखाली दाट सावली होती त्या झाडांतून निळं आभाळ दिसू लागतं. हे एकदा लक्षात आलं की रोज संध्याकाळी नजर आपोआप वर जाते.

हे फोटो आई रोज रात्री चष्मा लावून पाहायची. एम्प्रेसमधले कवडसे पाहून ती एकदा म्हणाली, "अगं, अशी सावली मी राणीच्या बागेत पाहिलीये. तिथे चल ना." आईचं लहानपण मुंबईच्या गिरणगावातलं. लग्न होऊन पुण्याला आली ती इथलीच झाली. राणीच्या बागेत ती गेली त्याला पन्नासएक वर्षं झाली होती.

मार्चच्या एका मंगळवारी आम्ही सव्वासातची डेक्कन क्वीन पकडली. बुधवारी बाग बंद असते, म्हणून मंगळवार. १९३० सालापासून धावणाऱ्या या गाडीत आईला खिडकी मिळाली आणि घाटात पांगाऱ्याची लाल फुलं दिसल्यावर तिने मला दोनदा कोपराने ढोसलं. दादरला उतरून स्लो लोकल धरली. परळ, करी रोड, चिंचपोकळी. आई स्टेशनांची नावं पाटी दिसण्याआधीच पुटपुटत होती. गिरण्यांच्या चिमण्यांच्या जागी आता काचेचे मनोरे आहेत. तिने ते पाहिले आणि काही बोलली नाही. भायखळ्याला उतरलो. तिथलं जुनं दगडी स्टेशन अलीकडे जपून दुरुस्त केलं आहे, त्याला युनेस्कोचा वारसा पुरस्कारही मिळाला. तिथून बागेपर्यंत आम्ही रमतगमत चालत गेलो.

राणीची बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. तेव्हाची व्हिक्टोरिया गार्डन्स, आताचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पोरं येतात पेंग्विन आणि वाघ पाहायला. पण साधारण पन्नास एकरांची ही जागा मुंबईतल्या झाडांचा मोठा जुना ठेवा आहे. आफ्रिकेची गोरखचिंच इथे आहे, तिचं खोड एखाद्या खोलीएवढं. दक्षिण अमेरिकेचा कैलासपती आहे. त्याची फुलं फांद्यांच्या टोकाला न येता थेट खोडावर लटकतात आणि त्यांच्या शेजारीच तोफगोळ्यांसारखी फळं. प्राणिसंग्रहालयाच्या फेरबदलाचे आराखडे आले तेव्हा या झाडांसाठी मुंबईकर नागरिक वर्षानुवर्षं झगडले, आणि आज जी सावली उरली आहे ती त्यांच्यामुळेही.

भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळचा दगडी हत्ती पाहून आई थांबली. घारापुरीच्या बेटाला एलिफंटा हे नाव ज्याच्यामुळे मिळालं तोच हा हत्ती. १८६४ साली तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना तो फुटला आणि पुढे तुकडे जोडून उभा केला गेला. आईने त्याच्या पायापाशी उभं राहून फोटो काढून घेतला. मग म्हणाली, "आता झाडं दाखव तुझी."

उर्वशी फुलली होती. मूळची ब्रह्मदेशची ही झाडं इथे मोठ्या कौतुकाने वाढवली आहेत. लेडी ॲमहर्स्टच्या नावावरून तिचं शास्त्रीय नाव पडलं, पण आपल्याकडे कुणीतरी तिला उर्वशी म्हटलं आणि तेच शोभलं. फुलांचे घोस झुंबरासारखे खाली लोंबतात. लांब लाल देठ, लाल पाकळ्या आणि पाकळीच्या टोकाला पिवळा थेंब. कोवळी पानंही तशीच, ताठ न उभी राहता तपकिरी-जांभळ्या झुपक्यांनी खाली लोंबणारी. मी एक घोस निवडला, ज्याच्या मागे दाट काळी सावली होती. त्यावर उजेड नव्हता. पण त्याच्या वीतभर डावीकडे, पानांवर, एक कवडसा होता आणि तो उजवीकडे सरकत होता.

इथे तो हिशेब पुन्हा कामी आला. सूर्याला आकाशात स्वतःच्या व्यासाइतकं सरकायला साधारण दोन मिनिटं लागतात. म्हणून कवडसाही, झाड कोणतंही असो, स्वतःच्या रुंदीइतका सरकायला साधारण तेवढाच वेळ घेतो. हा कवडसा चार बोटांचा होता, म्हणजे पाच-सहा मिनिटांत फुलावर येणार. मी फोकस लावून ठेवला, एक्स्पोजर खाली घेतलं आणि थांबले. कवडसा पानावरून सुटला, क्षणभर कशावरच नव्हता, मग पहिल्या फुलाच्या देठावर चढला. पिवळा थेंब पेटला. आसपासचं सगळं काळोखात राहिलं आणि तेवढा घोस दिवा लावल्यासारखा दिसला. आठ फोटो काढले. नवव्याच्या आत तो पुढे गेला होता.

मागे वळून पाहिलं तर आई तिथे नव्हती. पुढच्या वाटेवर एका मोठ्या झाडाच्या बुंध्याशी ती बाकावर बसली होती, चपला काढून.

"दमलीस?"

"नाही गं. अण्णांचं आठवलं." माझे आजोबा गिरणीत कामाला होते. मी त्यांना पाहिलेलं नाही. आई सांगू लागली. सुट्टीच्या दिवशी अण्णा सगळ्या भावंडांना घेऊन इथे यायचे. पोरं हत्तीकडे, माकडांकडे पळायची आणि अण्णा एखाद्या झाडाखाली उपरणं पसरून आडवे व्हायचे. "आम्हाला वाटायचं, अण्णांना प्राणी आवडत नाहीत. झोपतातच नुसते. आमची खोली शेवटच्या मजल्यावर, वर पत्रा. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला मे महिन्यात तिथे झोप कशी लागणार? ते सावलीसाठी यायचे, हे मला माझी पोरं झाल्यावर कळलं."

"कुठलं झाड, आठवतं?"

तिने मान हलवली. "कुठलंही असेल. सगळ्यांखाली तशीच आहे."

बाकाच्या कडेला, तिच्या मांडीपाशी एक कवडसा पडला होता. तिने सहज हात पुढे केला आणि तो तळव्यावर घेतला. तळवा भरून गेला, बोटांच्या मुळांपर्यंत. मला ती पानांची उंची मोजता आली असती. मी गुडघ्यावर बसले, एक्स्पोजर एक स्टॉप खाली घेतलं आणि एकच फोटो काढला. चेहरा सावलीत आहे, पांढरे केस कडेने उजळलेत आणि उजेड फक्त हातात आहे.

मग कॅमेरा मांडीवर ठेवून तिच्या शेजारी बसले. काही मिनिटं असतील. कवडसा तिच्या तळव्यावरून बोटांवर गेला, बोटांवरून बाकाच्या लाकडावर, आणि तिथून खाली पाचोळ्यात उतरला. आईने हात मिटला नाही. तिथे दुसरा यायची वाट पाहत तो तसाच उघडा ठेवला.